वाफ्यात चुना दहापट पडला: जांभ्या मातीचा सामू (पीएच) 8.6 वर गेला, आता उतरवायचा कसा?

कुडाळ_परसबाग · 2 मे, सकाळी 9:10

परसातला वाफा 10 चौरस मीटरचा (साधारण 108 चौरस फूट), जांभ्याची लाल माती, खोली दीड फूट, खाली कातळ. मार्चमध्ये 8 किलो चुन्याची फक्की टाकून वरच्या 12-15 सेंमीत कुदळीने कालवली. शिफारस "8 किलो" अशीच लिहून घेतली होती. ती गुंठ्याला होती, हे नंतर कळलं.

आजचे आकडे (1 भाग माती, अडीच भाग डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास ढवळून):
वरचे 5 सेंमी: सामू 8.6
5 ते 15 सेंमी: 7.9
15 ते 30 सेंमी: 5.6
चुन्याआधी सगळीकडे 5.4 होता.

वांगी आणि मिरची शेंड्याकडून पिवळी पडताहेत, शिरा मात्र हिरव्या आहेत. कडेच्या अनंताची नवी पानं जवळजवळ पांढरी आहेत. मातीत साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या दिसतात. पावसाला पाच आठवडे आहेत. पाणी विहिरीचं. काय करावं आणि कुठल्या क्रमाने?

---

मृदगंध · 2 मे, सकाळी 10:25

आकडे तीन थरांचे वेगवेगळे दिलेत ते फार बरं झालं. सगळी माती एकत्र करून मोजली असती तर सामू साडेसातच्या आसपास दिसला असता आणि खरा दोष झाकला गेला असता.

आधी हिशेब. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. तुमचा वाफा त्याच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे 800 ग्रॅम फक्की पुरली असती. जास्तीची 7.2 किलो.

फक्की म्हणजे विरलेला चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. 74 ग्रॅम फक्कीला 32 ग्रॅम गंधकापासून तयार होणारं आम्ल लागतं, म्हणजे किलोला 432 ग्रॅम गंधक. साध्या चुनखडीच्या भुकटीला किलोमागे 320, डोलोमाइटला सुमारे 350, कळीच्या चुन्याला 570. कोणता चुना पडलाय हे नक्की माहीत असल्याशिवाय गंधकाचा आकडा काढू नये, कारण कळीचा चुना आणि चुनखडी यांत जवळजवळ पावणेदोन पटींचा फरक आहे.

तुमचे 7.2 किलो × 0.432 = 3.1 किलो शुद्ध गंधक. ही कमाल मर्यादा समजा. बाजारातली फक्की पूर्ण शुद्ध नसते, आणि पोत्यातच हवा लागून तिची थोडी चुनखडी झालेली असते. हे सगळं गंधक एकदम टाकायचं नाही. गंधकाकडे वळण्याआधी दोन बिनखर्चाची कामं आहेत, ती पहिली.

वाफ्याचं पाणी आजच बंद करा. माती कोरडी असेपर्यंतच तो चुना वेचता येतो.

---

आळेवाला · 2 मे, सकाळी 11:40

मृदगंध यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून. वरचे 5 सेंमी सर्वांत चुनट आहेत, तेव्हा तेवढा थर खरवडून घमेल्याने एका ताडपत्रीवर काढा. दोन दिवस उन्हात वाळवा. मग 4 मिमीच्या, आणि तिच्याखाली 2 मिमीच्या चाळणीतून काढा. पांढऱ्या गोळ्या चाळणीवर राहतील. नखाने एक गोळी फोडून बघा: बाहेर कडक कवच आणि आत लोण्यासारखा मऊ चुना असेल तर आतली फक्की अजून जिवंत आहे. हीच गोळी पुढचे सहा महिने हळूहळू विरत राहते आणि सामू पुन्हा पुन्हा वर नेते. म्हणून वेचण्याची मेहनत वाया जात नाही.

चाळताना नाकाला फडकं आणि डोळ्यांना चष्मा हवाच. ओल्या हाताने चुना हाताळू नका. डोळ्यात कण गेला तर न चोळता पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

निघालेल्या गोळ्यांचं वजन करून इथे लिहा, हिशेबातून वजा करू. आणि त्या शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. खतावाटे त्या परत वाफ्यात येतील.

---

हिरवाकोपरा · 2 मे, दुपारी 1:05

जिप्सम टाकलं तर? खारवट जमिनीला जिप्समच सांगतात ना?

---

मृदगंध · 2 मे, दुपारी 1:50

हा गोंधळ फार जणांचा होतो म्हणून सविस्तर लिहितो. जिप्सम चोपण जमिनीसाठी आहे. तिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, जिप्सममधला कॅल्शियम त्याला हुसकावतो, सोडियम पाण्याबरोबर खाली जातो आणि त्यामुळे सामू उतरतो. इथे सोडियम नाहीच, कॅल्शियमचाच पूर आहे. जिप्सम स्वतः आम्लही नाही. ते टाकून कॅल्शियम आणखी वाढेल आणि पालाश (पोटॅश) व मॅग्नेशियम उचलण्यात झाडाला अधिक अडथळा होईल.

याच कारणाने हाडांचा चुराही सध्या नको. त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) आम्ल मातीतच विरघळतं. आठच्या पुढच्या सामूत तो चुरा नुसता पडून राहतो. राख नको. अंड्यांची टरफलं म्हणजे चुनखडीच, तीही नकोत.

---

मांडवीकाठ · 2 मे, दुपारी 3:15

आमच्याकडे गोव्यात शिंपल्यांचा चुना वापरतात, त्यालाही हाच हिशेब लागतो का? आणि व्हिनेगर किंवा आंबट ताक ओतून सामू लवकर उतरतो असं बरेच जण सांगतात.

---

आळेवाला · 2 मे, दुपारी 4:30

शिंपले भाजून विरवलेला चुना असेल तर फक्कीचाच हिशेब. नुसते कुटलेले, न भाजलेले शिंपले असतील तर चुनखडीचा.

व्हिनेगरचं गणित असं: 5 टक्क्यांचं एक लिटर व्हिनेगर सुमारे 42 ग्रॅम चुनखडी मारतं. कुडाळच्या वाफ्यात चुनखडीच्या मापाने साडेनऊ किलोहून जास्त माल आहे, म्हणजे सव्वादोनशे लिटर. तेवढं ओतलं तरी फायदा टिकत नाही. मातीतले जिवाणू त्या ॲसिटेटला खातात आणि कॅल्शियम पुन्हा कार्बोनेट होऊन बसतो. आठवडाभर सामू उतरलेला दिसतो आणि मग जिथल्या तिथे येतो. लिंबू आणि ताक यांचीही तीच गत. गंधकापासून होणारं सल्फ्युरिक आम्ल जिवाणू खाऊन टाकत नाहीत, म्हणून तो बदल टिकतो.

फटकडी आणि ॲल्युमिनियम सल्फेट यांनी सामू ताबडतोब उतरतो, पण जांभ्या मातीत ते मुळीच टाकू नये. ही माती आम्ल झाली की तिच्यातला मूळचाच ॲल्युमिनियम मुळं जाळतो. त्यात बाहेरून भर कशाला?

---

कुडाळ_परसबाग · 2 मे, संध्याकाळी 6:20

भरपूर पाणी सोडून चुना धुऊन काढता येईल का? पाऊस तर इथे 3000 मिमीच्या घरात पडतो.

---

मृदगंध · 2 मे, रात्री 8:45

फक्की लिटरला जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळते, आणि मातीतल्या कर्बवायूने तिची चुनखडी झाली की साध्या पाण्यात ती जवळजवळ विरघळतच नाही. मातीतल्या पाण्यात कर्बवायू मुरलेला असल्यामुळे थोडी विरघळते, म्हणूनच कोकणातली माती मुळात आम्ल झाली. पण ते काम शेकडो वर्षांचं आहे. एका पावसाळ्यावर भरवसा ठेवू नका.

तुमचा पाऊस वेगळ्या कामी येणार आहे. गंधकाचं आम्ल चुन्याला भेटलं की जिप्सम तयार होतं: 1 ग्रॅम गंधकामागे 5.4 ग्रॅम. चौरस मीटरला 63 ग्रॅम गंधक दिलं तर 340 ग्रॅम जिप्सम होईल. जिप्सम लिटरला सुमारे 2.4 ग्रॅम विरघळतं, म्हणजे ते मुळांच्या खाली न्यायला 140 मिमी पाणी मातीतून निथळलं पाहिजे. कोकणात जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच तेवढं होतं. देशावर 500-600 मिमी पावसात, तेही काळ्या चिकट मातीत, हे होत नाही. क्षार वर साचतात आणि पानांच्या कडा करपतात. गंधकाचा कोकणातला सल्ला देशावर आणि देशावरचा कोकणात जसाच्या तसा चालत नाही, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

---

मृदगंध · 3 मे, सकाळी 7:30

आता दुसरं बिनखर्चाचं काम. तुमचा 15 ते 30 सेंमीचा थर अजून 5.6 वर आहे. वरचा थर चाळून परत पसरला की वाफा पूर्ण 30 सेंमी खोल खणून वरची-खालची माती नीट एकजीव करा. शिफारशीच्या हिशेबाने खालचा थरही चौरस मीटरला 80-90 ग्रॅम फक्की पचवेल, म्हणजे अख्ख्या वाफ्यात 900 ग्रॅमच्या आसपास. उरलेला चुना दुप्पट मातीत विभागला जाईल, त्यामुळे मुळांना वर एकदम 8.6 चा थर लागणार नाही. झाडं आधी काढून कुंड्यांत ठेवावी लागतील. वांगी-मिरची जगली नाहीत तरी चालतील. अनंताला मात्र मोठ्या गड्ड्यासह उचला आणि गड्ड्याच्या बाहेरची चुनट माती झाडून टाका.

ज्यांचा खालचा थरही चुनखडीचा आहे त्यांनी खोल खणू नये, उलट चुना वर येतो.

मग गंधक. बाजारात तीन रूपांत मिळतं:

90 टक्के गंधकाचे, बेंटोनाइट (चिकणमाती) मिसळलेले दाणे. खत म्हणून मिळतं, टाकायला सोपं. पाण्याने दाणा फुगून फुटतो तेव्हा काम सुरू होतं, म्हणून तो मातीत पुरायला हवा. वर पसरून ठेवलेला दाणा महिनोन्‌महिने तसाच दिसतो. परिणामाला तीन ते सहा महिने.

80 टक्के पाण्यात मिसळणारं, बुरशीनाशक म्हणून मिळतं ते. कण फार बारीक, त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांत फरक कळतो. महाग.

धुरळणीची भुकटी. स्वस्त आणि बारीक, पण उडते. डोळ्यांना त्रास होतो. ओलसर मातीत कालवून घेऊन मग पसरावी.

तुम्हाला दाणेदारच सुचवतो. मात्रा एका वेळी चौरस मीटरला 70 ग्रॅम (शुद्ध गंधक 63), म्हणजे 10 चौरस मीटरला 700 ग्रॅम. रिकाम्या वाफ्यात 100 ग्रॅमच्या वर जाऊ नये, उभी झाडं असतील तर 30-40 वर थांबावं. जास्त टाकलं तर दाण्याभोवतीची माती सामू 3-4 पर्यंत उतरते आणि कोवळी मुळं करपतात, जरी चार बोटांवर माती अजून आठला असली तरी. वाफ्यात भरपूर चुना आहे म्हणून भरपूर गंधक चालेल, हा समज याच ठिकाणी फसतो.

---

आळेवाला · 3 मे, सकाळी 8:15

यात एक भर. गंधकाचं आम्ल जिवाणू करतात. त्यांना ऊब, ओल आणि हवा तिन्ही लागतात. 25 ते 35 अंशांत काम जोरात चालतं, म्हणून कोकणात मे आणि ऑक्टोबर उत्तम. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, एवढी ओल पुरे. वाफ्यात पाणी तुंबलं तर उलटी प्रक्रिया होऊन कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि मुळं काळी पडतात. पावसाआधी वाफ्याच्या उताराच्या बाजूने चर काढून ठेवा.

गंधकाबरोबर चौरस मीटरला दोन-तीन किलो चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पानांचं खत द्या. जिवाणूंची पैदास वाढते, आणि कुजताना तयार होणारी आम्लं लोहाला धरून झाडापर्यंत नेतात.

---

अनंत_मोगरा · 3 मे, दुपारी 12:10

सामू उतरेपर्यंत पिवळ्या झाडांचं काय? सहा महिने अनंत पांढऱ्या पानांवर टिकायचा नाही.

---

मृदगंध · 3 मे, दुपारी 2:35

बरोबर, दोन्ही कामं एकाच वेळी करायची.

चुनट मातीत झाडाला लोह मिळत नाही आणि पानं अशी पिवळी पडतात, पण पहिल्यांदा खात्री करा की कमी आहे ते लोहच. एक लिटर पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात आधी 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्व) आणि मग 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवा. क्रम उलटा केला आणि पाणी विहिरीचं कठीण असलं, तर द्रावण तांबूस गढूळ होतं. तेव्हा त्यातलं लोह गंजलेलं असतं, ते ओतून द्या. अनंताच्या एकाच फांदीवर संध्याकाळी फवारा, पानांची खालची बाजूसुद्धा. लोहच कमी असेल तर आठ-दहा दिवसांत जिथे थेंब बसला तिथे हिरवे ठिपके उमटतात आणि मग ते पसरतात. ठिपके आले तर सगळ्या झाडाला दर दहा दिवसांनी, तीन वेळा फवारा. लहान पानं आणि आखडलेले शेंडे दिसले तर जस्तही कमी आहे. त्याची फवारणी वेगळ्या दिवशी करा.

हिराकस मातीत टाकू नका असं मी स्पष्ट सांगेन. चुनट मातीत काही दिवसांतच त्याचा गंज होतो. सामू उतरवायला तर तो गंधकाच्या जवळजवळ नऊपट लागतो.

मातीतून लोह द्यायचं असेल तर चिलेट (लोहाला धरून ठेवणारं संयुग), आणि तेही पाकिटावरचं नाव वाचून. ईडीटीए सामू साडेसहापर्यंतच टिकतं. डीटीपीए साडेसातपर्यंत. आठच्या वर यांपैकी ईडीडीएचए एकच उपयोगाचं. गडद तांबडं असतं, महाग असतं. लहान झुडपाला 3 ते 5 ग्रॅम, पाच लिटर पाण्यातून आळ्यात, सूर्यास्तानंतर, कारण उन्हात ते मोडतं. दुकानात "आयर्न चिलेट" एवढंच मागितलं तर बहुतेक वेळा ईडीटीए हातात पडतं आणि या वाफ्यात त्याचा काही उपयोग नाही.

नत्रासाठी सध्या युरिया नको, चुनट मातीत त्याचा अमोनिया उडून जातो. अमोनियम सल्फेट चौरस मीटरला 20 ग्रॅम, महिन्यातून एकदा, सरीत पुरून वर माती ओढा आणि पाणी द्या. वर फेकलं तर त्याचाही अमोनिया उडतो. आत गेलं तर नत्र मिळतं आणि थोडं आम्लही.

---

भीमाकाठ · 3 मे, संध्याकाळी 5:50

सोलापूरकडची काळी माती. सामू 8.2, प्रयोगशाळेच्या अहवालात मुक्त चुना 7 टक्के. टोमॅटोचा बुड काळा पडत होता म्हणून कॅल्शियम कमी समजून चौरस मीटरला 200 ग्रॅम चुना टाकला गेला. यालाही गंधकच का?

---

आळेवाला · 3 मे, संध्याकाळी 7:05

नाही दादा, तिथे गंधकाने सामू उतरवायच्या भानगडीत पडू नका. 15 सेंमी खोल मातीचं वजन चौरस मीटरला सुमारे 195 किलो. त्याचे 7 टक्के म्हणजे साडेतेरा किलोहून जास्त चुनखडी, चौरस मीटरला! ती मारायला सव्वाचार किलोच्या वर गंधक लागेल आणि 23 किलो जिप्सम तयार होईल. तुमचे 200 ग्रॅम त्या साठ्यात भर घालून गेले, पण सामू फारसा हलला नसणार. चुनखडीच्या मातीचा सामू स्वतःच सव्वाआठच्या आसपास अडतो.

टोमॅटोचा बुड काळा पडण्याचं कारण त्या मातीत कॅल्शियमची कमतरता नसून पाण्याची अनियमितता आहे. आज भरपूर आणि चार दिवस कोरडं असं झालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. ठिबक लावा किंवा रोज थोडं पाणी द्या, आणि वर 5-7 सेंमी पाचटाचं आच्छादन ठेवा.

आम्लप्रिय झाडं हवीच असतील तर चुनखडीच्या जमिनीच्या वर 40 सेंमी उंच, तळाला जाळी घातलेला वेगळा वाफा करून लाल माती आणि पानांचं खत भरा. नाहीतर त्या मातीला मानवणारी झाडं घ्या: अंजीर, डाळिंब, बोर, सीताफळ, शेवगा. पालेभाज्यांत पालक, मेथी. जिथे गंधक द्यायचंच आहे तिथे आळ्यात दोन-तीन ठिकाणी हातभर खड्डा घेऊन प्रत्येकी 30 ग्रॅम गंधक दोन घमेली शेणखतात मिसळून भरा. सगळी जमीन सुधारत नाही, पण मुळांना तेवढे कप्पे मिळतात.

आणि मृदा आरोग्य पत्रिकेच्या बारा घटकांत मुक्त चुना नसतो. तो कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वेगळा मागून घ्यावा लागतो. नुसत्या सामूवरून अर्धा टक्का चुना आणि सात टक्के चुना यांत फरक कळत नाही, आणि उपाय सगळा त्यावरच ठरतो.

---

हिरवाकोपरा · 4 मे, सकाळी 8:40

कुंडीत चुना जास्त झाला असेल तर?

---

आळेवाला · 4 मे, सकाळी 9:00

माती बदला. मुळांचा गड्डा बादलीभर पाण्यात हलवून जुनी माती सोडवा आणि नव्या मिश्रणात लावा. 15 लिटरच्या कुंडीत गंधकाची मात्रा चुटकीभर इकडेतिकडे झाली तरी झाड जातं.

---

मृदगंध · 4 मे, सकाळी 11:30

कुडाळकर, तुमच्या विहिरीच्या पाण्याची क्षारीयता तपासून घ्या. कोकणात ती बहुधा कमीच निघते, पण बोअरचं पाणी मिसळत असाल तर आकडा महत्त्वाचा. लिटरला 200 मिलिग्रॅम असेल आणि रोज चौरस मीटरला 5 लिटर देत असाल, तर रोज 1 ग्रॅम चुनखडी पडते. आठ महिन्यांत 240 ग्रॅम. तेवढी मारायलाच 77 ग्रॅम गंधक खर्ची पडेल, म्हणजे एका पूर्ण हप्त्याहूनही जास्त. असं असेल तर निदान अनंताला तरी साठवलेलं पावसाचं पाणी द्या.

---

कुडाळ_परसबाग · 8 मे, संध्याकाळी 6:40

वरचा थर काढून, वाळवून, दोन्ही चाळण्यांतून चाळला. पांढऱ्या गोळ्या 2 किलो 300 ग्रॅम निघाल्या. बहुतेक कडक आहेत, फोडल्यावर आतही कोरड्या. टॉयलेट साफ करायच्या आम्लाचा थेंब टाकला की जोरात फसफसतात. वाफा 30 सेंमी खणून झाला. विहिरीच्या पाण्याची क्षारीयता 40 निघाली. आता गंधक किती?

---

मृदगंध · 8 मे, रात्री 9:15

फसफसतात म्हणजे त्यांची चुनखडी झाली आहे. फक्कीची चुनखडी होताना वजन 1.35 पट वाढतं. म्हणजे 2.3 किलो गोळ्या मूळच्या 1.7 किलो फक्कीच्या. (ते आम्ल ब्लीचच्या जवळ नेऊ नका, विषारी वायू होतो.)

7.2 उणे 1.7 = 5.5 किलो. खालच्या थराने पचवलेली 0.9 वजा केली तर 4.6. त्याला गंधक 2 किलो, 90 टक्क्यांच्या दाण्याच्या भाषेत 2.2 किलो. त्यातलं दोन तृतीयांशच द्यायचं, बाकीचं मोजमाप सांगेल:

पहिला हप्ता 700 ग्रॅम, या आठवड्यात, वरच्या 10-12 सेंमीत कालवून. पावसापर्यंत दर तीन-चार दिवसांनी हलकं पाणी. पावसाळ्यात वाफ्यात ताग पेरा आणि फुलावर येण्याआधी गाडा.

सप्टेंबरअखेर 0-10 आणि 10-30 सेंमी असे दोन नमुने, पाच-सहा जागांचे. सामू अजून 7 च्या वर असेल तर ऑक्टोबरात दुसरे 700 ग्रॅम. नसेल तर थांबा. दाण्यांचं काम तेव्हाही चालूच असतं.

जानेवारीत परत मोजा. वांगी-मिरचीला 6.2 ते 6.5 आला की गंधक बंद. जांभ्या मातीला 7 पर्यंत न्यायची गरज मुळातच नसते. ॲल्युमिनियमचा त्रास साडेपाचच्या वर संपतो आणि पुढे जस्त, मंगल (मँगनीज), बोरॉन अडकायला लागतात. अनंताचं आळं वेगळं धरा, तिथे साडेपाच ते सहा.

---

कुडाळ_परसबाग · 8 मे, रात्री 9:50

700 ग्रॅम उद्याच आणते. वाफ्याचे एक-एक चौरस मीटरचे दहा चौकोन दोरीने आखून प्रत्येकात 70 ग्रॅम तोलून टाकीन. सप्टेंबरचे आकडे याच धाग्यावर लिहीन.